झऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हे तालुके सह्याद्रीला लागून आहेत. या भागातल्या अनेक डोंगरांचे माथे टोकदार नाहीत. ते जांभ्या दगडाचे, सपाट आणि पावसाळा सोडला तर उघडेबोडके दिसणारे सडे आहेत. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यातूनच जांभा व बॉक्साईट तयार झाले. हे खनिज डोंगराच्या पोटात खोलवर नसून माथ्यावरच काही मीटरच्या थरात पसरलेले असते, त्यामुळे बोगदे खणावे लागत नाहीत. वरची माती आणि जांभ्याचे कवच काढले की माल हाती लागतो. गेल्या अनेक दशकांत आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांवरून असा माल निघाला आणि त्यातला बराचसा बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे गेला. या खाणींविषयी लिहिताना मला एक गोष्ट मुख्यतः सांगायची आहे: खाण उघडताना कायदा ज्याची संमती घेतो तो माणूस आणि खाणीमुळे ज्याचे पाणी जाते तो माणूस, हे बहुतेक वेळा एक नसतात.

हे नीट कळण्यासाठी सडा पाणी कसे धरतो ते आधी पाहावे लागते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला मोठा भाग चार महिन्यांत ओढ्यांनी वाहून जातो, पण जो सड्यावर मुरतो तो सच्छिद्र जांभ्यातून आणि बॉक्साईटमधून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरावर येऊन अडतो. तिथून खाली वाट नसल्याने ते पाणी आडवे सरकत राहते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडला असेल तिथे झरा होऊन बाहेर येते. म्हणूनच आपल्याकडचे कितीतरी बारमाही झरे डोंगराच्या पायथ्याला नसून माथ्यापासून थोडे खाली, कड्याच्या बेचक्यात सापडतात आणि धनगरवाडे व लहान वाड्याही साधारण त्याच उंचीवर वसलेल्या दिसतात. पाणी जिथे निघाले तिथे वस्ती झाली. सडा हा त्या वस्तीचा रांजण आहे, आणि बॉक्साईट काढणे म्हणजे पाणी धरणारा तो थरच डंपरमध्ये भरून नेणे होय.

राधानगरी तालुक्यात माझे आजोळ आहे. तिथल्या वाडीच्या वरच्या अंगाला एका जुन्या जांभळीच्या मुळाशी दगडात कोरलेली एक डोण आहे, तिच्यावर बांबूची पन्हळ लावलेली असे आणि त्या पन्हळीतून मनगटाएवढी धार बाराही महिने पडत असे. बायका हंडे घेऊन तिथे जमत, खालच्या दुसऱ्या डोणीत गुरे पाणी पीत आणि उरलेले पाणी पाटाने खालच्या खाचरांत जाई. त्यावर दोन-तीन घरांची मिरची आणि वाल होत असत. वरच्या सड्यावर खाण सुरू झाली आणि काही वर्षांत धार बारीक होत गेली. आता शिमगा झाला की ती करंगळीएवढी होते आणि पाडव्यानंतर डोणीच्या तळाला ओल तेवढी राहते. एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहत उभ्या असलेल्या माझ्या मामींना पाहिले की मनात जे येते ते शांतपणे लिहिणे मला अवघड जाते.

पावसाळ्याची तऱ्हा याच्या उलट आहे. खाणीतून काढलेली निरुपयोगी माती आणि दगड यांचे ढीग सड्याच्या कडेला रचलेले असतात, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यांतला लाल गाळ ओघळीने खाली येतो. तो भाताच्या तरव्यावर बसला की रोप पिवळे पडते. खाचरात बसला की त्याचे कवच बनते आणि पुढच्या वर्षी नांगर चालवताना ते फोडावे लागते. या नुकसानीचा पंचनामा करायला आलेला माणूस अतिवृष्टीचा फॉर्म घेऊन येतो, कारण खाणीच्या गाळाने झालेल्या नुकसानीचा वेगळा फॉर्म त्याच्याकडे नसतो.

खाणींसाठी तयार होणारे पर्यावरणीय परिणामांचे जे अहवाल माझ्या वाचनात आले, त्यांत एक विधान हमखास सापडले: परिसरातील भूजलपातळी खाणीच्या तळापेक्षा बरीच खाली आहे, त्यामुळे खाणकामाचा भूजलावर परिणाम होणार नाही. ही पातळी पायथ्याच्या विहिरींत आणि बोअरमध्ये मोजलेली असते. त्या पाण्यापुरते ते विधान कदाचित बरोबरही असेल. पण सड्याच्या पोटात चिकणमातीवर तोललेले जे पाणी आहे, ज्यावर वरच्या वाड्या जगतात, ते मोजलेलेच नसते. झऱ्यांची यादी नाही, कोणत्या महिन्यात कोणत्या झऱ्याला किती धार असते याची नोंद नाही, आणि खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद नसल्यामुळे नंतर झरा आटल्याचे सिद्धही करता येत नाही. गावकरी सांगतात, आणि कंपनीचा माणूस म्हणतो की पाऊस कमी झाला असेल.

पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत लोकांना बोलण्याची जागा नाही असे नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला मंजुरी देण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाने जनसुनावणी घ्यावी लागते, तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो, आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असावा लागतो. सुनावणी संपताना इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र त्याच अधिसूचनेत असेही म्हटले आहे की सुनावणीला गणसंख्येची अट नाही. आणि तिथे व्यक्त झालेले मत मंजुरी देणाऱ्यांवर बंधनकारक नसते. सारांश मराठीत मिळतो, पण ज्या शेकडो पानांत पाण्याचे, धुळीचे आणि नकाशांचे तपशील असतात ती इंग्रजीत असतात.

अशा एका सुनावणीला मी उपस्थित होते. मांडव मोठा होता, पुढच्या खुर्च्या सकाळपासूनच भरलेल्या होत्या आणि त्या खुर्च्यांवर बहुतेक डंपरमालक व ठेकेदार होते. वरच्या धनगरवाड्यातून लोक चालत उतरून आले तेव्हा त्यांना कडेला उभे राहावे लागले. निवेदने झाली, प्रकल्पाचे सादरीकरण झाले, पडद्यावर नकाशा आला. तेव्हा एक वयस्कर आक्का पुढे आल्या, ध्वनिक्षेपक हातात घ्यायला तयार झाल्या नाहीत आणि तशाच मोठ्याने म्हणाल्या, "सायेब, तुमच्या कागदात आमचा झराच न्हाई. मग त्यो आटला तर तुम्हास्नी कळणार कसं?" अधिकाऱ्यांनी त्यांचे नाव आणि गाव लिहून घेतले. शेवटी वाचल्या गेलेल्या इतिवृत्तात ते वाक्य "पाण्याबाबत शंका उपस्थित करण्यात आली" असे आले. मंजुरीच्या कागदात त्याची छाया कुठे उमटली असेल असे मला वाटत नाही. पर्यावरण अहवालांवर मी बरेच वाचले आहे, पण त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला दुसरा माहीत नाही.

आता संमतीचे पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतील खनिजांवर शासनाचा हक्क असतो. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे वरची जमीन राहते. खाणपट्टा मिळालेल्या कंपनीला खासगी जमिनीत शिरण्यासाठी त्या जमीनधारकाशी व्यवहार करावा लागतो, म्हणजे त्याला भरपाई मिळते आणि थोडीफार घासाघीस करण्याची ताकदही. पण सड्यावरच्या जमिनीचे धारक कोण असतात? काही गायरान, काही वनखात्याची जमीन आणि उरलेली अशा कुटुंबांची, जी दोन पिढ्यांपूर्वीच कोल्हापूरला किंवा मुंबईला गेली आणि ज्यांना त्या खडकाळ तुकड्यातून काही मिळेल अशी आशाही नव्हती. सड्याची नोंद पुष्कळदा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, अशी असते. एजंटाने चांगला भाव सांगितला की सही होते, आणि मी त्या सहीला दोष देत नाही. मात्र त्या सहीमुळे ज्याचा झरा जातो तो खालच्या वाडीत राहतो, त्याचे नाव सड्याच्या सातबाऱ्यावर नाही, सड्यावर गुरे चारण्याची त्याची पिढीजात वहिवाट कुठे लिहिलेली नाही आणि त्याच्या ग्रामसभेने एकमताने ठराव करून विरोध नोंदवला तरी खनिज कायद्यात त्या ठरावाला नकाराचे वजन नाही. अनुसूचित, म्हणजे घोषित आदिवासी क्षेत्रात पेसा कायद्यामुळे ग्रामसभेला काही अधिकार मिळतात. कोल्हापूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही.

ग्रामसभेने नकार देऊन बॉक्साईटची खाण थांबवल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशातील नियमगिरी पर्वताच्या माथ्यावरही असाच बॉक्साईटचा थर आहे आणि तिथेही डोंगराच्या अंगाने झरे फुटतात. वेदान्त समूहाच्या कारखान्यासाठी तिथे खाण प्रस्तावित होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की वनहक्क कायद्याखाली डोंगरिया कोंध आदिवासी आणि इतर वननिवासींचे हक्क तपासण्याचे काम ग्रामसभांचे आहे. त्यानंतर राज्य सरकारने निवडलेल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने प्रस्ताव फेटाळला. खनिज तेच, डोंगराची रचना तशीच, झऱ्यांचा प्रश्नही तोच. फरक एवढाच की तिथे ग्रामसभेच्या हातात २००६ चा वनहक्क कायदा होता आणि त्यावर ती ठाम उभी राहिली.

हा कायदा आपल्याला लागू नाही असा एक समज पश्चिम तालुक्यांत पसरलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. गवळी धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, हे खरे. पण कायद्यात "इतर पारंपरिक वननिवासी" अशी दुसरी वर्गवारी आहे. तिच्यासाठी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पुरावा म्हणून केवळ सरकारी कागदच चालतो असेही नाही. जुनी घरे, विहिरी, देवस्थाने, दफनभूमी यांसारख्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब नियमांनी मान्य केले आहेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्येच आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. आपल्याकडे जे दावे झाले ते बहुतेक घराच्या आणि शेताच्या तुकड्यापुरते राहिले; चराईचा, पाणवठ्याचा, सामूहिक वनसंपत्तीचा दावा करण्याची वाट फार थोड्यांना कुणी दाखवली. वन जमिनीवरच्या सड्यांपुरता का होईना, हाच एक कायदा असा आहे जो सातबाऱ्यापलीकडे जाऊन वापर आणि वहिवाट पाहतो. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आणि ग्रामसभेच्या हक्कांची पूर्तता यांचा क्रम सैल करून तो कमकुवत केला, म्हणून तर दावे वेळेत दाखल होणे अधिक निकडीचे झाले आहे.

ज्यांनी खाणीसाठी लोकांना विचारले नाही, त्यांनी संरक्षणासाठी तरी विचारले का, हा प्रश्नही मला तितकाच गंभीर वाटतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सर्वांत संवेदनशील श्रेणीतील खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असे त्यात म्हटले होते, आणि क्षेत्राच्या सीमा व नियम ग्रामसभांशी चर्चा करून ठरवावेत असा त्याचा आग्रह होता. तो अहवाल केंद्राने दाबून ठेवला. माहिती अधिकाराखालील लढ्यानंतर २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. पुढे कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून गावांची यादी केली: ज्या गावाचा २० टक्के किंवा अधिक भूभाग पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील दिसला ते संपूर्ण गाव यादीत आले. यादीत आपले नाव आहे हे कितीतरी गावांना वर्तमानपत्रातून कळले. मग शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही, गुरे विकावी लागणार अशा अफवा पसरल्या आणि गावोगाव विरोधाचे ठराव झाले. प्रत्यक्षात या यादीवरून निघालेल्या केंद्राच्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग आणि २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामे यांच्यावर. शेतीवर बंदी त्यात नाही. शेतकऱ्याच्या भीतीचा लाभ कुणाला झाला, हे यावरून उघड आहे. २०१४ पासून मसुदे निघत राहिले, सहावा मसुदा वायनाडच्या दरडीनंतर लगेच, ३१ जुलै २०२४ रोजी निघाला. या सगळ्या काळात सड्यावरचे डंपर चालूच होते.

रोजगाराचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण सुनावणीच्या पुढच्या खुर्च्यांवर बसलेली मुले माझ्या नात्यागोत्यातलीच आहेत. पश्चिम तालुक्यांत एक पीक भाताचे, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि उरलेले वर्ष मुंबई-पुण्याला किंवा गोव्याला. अशा वेळी गावात राहून डंपरचा हप्ता फेडता येतो हे आकर्षण खरे आहे आणि त्याची चेष्टा करण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. पण यंत्रांनी चालणाऱ्या उघड्या खाणीत माणसे थोडी लागतात, पावसाळ्यात काम बंद असते, आणि थर संपला की कंपनी पुढच्या सड्यावर जाते. डंपरचे कर्ज मात्र गावातच राहते. त्याहून वाईट म्हणजे एकाच भावकीत डंपरवाले आणि पाणीवाले असे दोन तट पडतात. माझ्या आजोळी गेल्या काही वर्षांपासून एका देवाच्या पालखीला दोन वेळा ठरवाव्या लागतात. खनिज कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली आणि जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्क्यांपर्यंत रक्कम बाधित गावांसाठी घेतली जाऊ लागली, हे चांगलेच झाले. या निधीतून सभामंडप आणि रस्ते होतात. आटलेल्या झऱ्याची नोंद मात्र बाधित म्हणून होत नाही, कारण तो मुळात नोंदलेलाच नव्हता.

खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करणे बंधनकारक आहे, असेही सांगितले जाते. खड्डे बुजवून त्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा सुरूची झाडे लावलेली मी पाहिली आहेत आणि लांबून तो भाग हिरवा दिसतो. परंतु सड्यावर मुळात दाट झाडी नसतेच. तिथे बोटभर मातीवर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू अशी इवली झाडे उगवतात, फुलतात आणि पाऊस संपताच दिसेनाशी होतात. कासचे पठार ज्यासाठी नावाजले गेले तेच वैभव आपल्या सड्यांवर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक राधानगरीचे अभयारण्य आहे. ते जांभ्याचे कवच एकदा फुटले की कोणत्याही रोपवाटिकेतून परत आणता येत नाही, आणि त्याच्या पोटातले पाणीही नाही.

कोल्हापूर शहराने या प्रश्नाकडे परक्याचा प्रश्न म्हणून पाहावे, हे मला सर्वांत जास्त खुपते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या याच डोंगरांतून येऊन पंचगंगा होतात. शहराला आता काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी येते, तेही याच डोंगरांवर पडलेल्या पावसाचे. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, तेव्हा पश्चिमेचा पाऊस हीच या संस्थानाची पुंजी आहे हे त्यांनी ओळखले होते. याच शहराने टोलविरोधात वर्षानुवर्षे लढा दिला, लहानथोर रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करून घेतला. तेवढ्या ताकदीचा एकही मोर्चा सड्यांसाठी दसरा चौकातून निघाल्याचे मला आठवत नाही. खालच्या अंगाला पंचगंगेत मासे मेले की बातमी होते, आणि व्हायलाच हवी. वरच्या अंगाला झरा आटतो तेव्हा मात्र फोटो काढण्यासारखे काही उरत नाही.

कायदा बदलेपर्यंत वाट पाहावी असे मला वाटत नाही, कारण आजच्या कायद्यातही एक काम करता येते आणि ते गावानेच करायचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावी लागते. जानेवारी २०२० च्या मुदतीमुळे कितीतरी ठिकाणी या नोंदवह्या घाईघाईत, बाहेरच्या माणसाकडून भरून घेतल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. त्या बाहेर काढाव्यात. सड्याखालचा प्रत्येक झरा त्याच्या चालू नावाने, गट नंबरासह, कोणत्या वाड्या आणि किती गुरे त्यावर अवलंबून आहेत या तपशिलासह त्यात लिहावा. धार मोजायला यंत्र लागत नाही. ठरावीक मापाची बादली आणि घड्याळ पुरते. दिवाळीला, संक्रांतीला, शिमग्याला आणि मेच्या मध्याला बादली भरायला लागलेला वेळ लिहून त्याखाली मोजणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना या कामाला जोडून घेता येईल, आणि कोल्हापुरातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या माझ्या ओळखीच्या काही जणांनी त्याची तयारी दाखवली आहे. ही नोंद ग्रामसभेत वाचून ठरावाने मंजूर करावी आणि ठरावाच्या प्रती तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी, वनखाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना देऊन प्रत्येकाची तारखेसह पोच घ्यावी. माझ्या आजोळच्या वाडीत या दिवाळीपासून मोजणी सुरू होते आहे. शेजारच्या दोन वाड्यांनी बादलीचे माप विचारून घेतले आहे, आणि त्यांतल्या एका वाडीतून ते विचारायला आला होता तो डंपर चालवणारा मुलगा होता.